खोली सोडताना ढोल सैल करावेत

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. टॅक्सीवाल्याने बॅगा दारात ठेवल्या आणि विचारलं, एवढ्या मोठ्या घरात एकट्याच राहणार का. मी म्हटलं, एकटी कुठली, वडिलांचे ढोल आहेत की सोबतीला. बिचारा उरलेले सुटे पैसे द्यायचेही विसरला.

बाबांचं हे घर मी आजच पहिल्यांदा पाहिलं. आई गेल्यावर त्यांनी ते घेतलं, आम्हा दोघी बहिणींना न विचारता. जन्मभर बँडमध्ये ढोल वाजवला, जुने ढोल जमवले. आता ते गेले आणि ढोल माझ्या गळ्यात पडले, कारण ताईला संसार आहे आणि मी सडीफटिंग. कुठला ढोल किती जुना, कोणाच्या हातचा, हे पारखून घ्यायचं, सगळे विकायचे आणि मी कायमची ताईकडे राहायला जायचं. तिची मागची खोली रिकामीच आहे. पडद्यांचा रंगसुद्धा विचारून झालाय तिचा. निळा सांगितलाय.

६ नोव्हेंबर

पारखी गृहस्थ येऊन गेले. खिशात भिंग, गळ्यात भिंग, चष्मा तो वेगळाच. मी त्यांना मनात भिंगोजी म्हणते. माणूस नेमका, पण कुठलंही वाक्य तीनदा बोलल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही.

त्यांनी मला कामाला जुंपलंय. ढोलाच्या बाजूला हवेसाठी एक बारीक भोक असतं. त्यातून बॅटरी मारली की आत कधी कारागिराचं लेबल दिसतं, कधी नुसतीच जळमटं. लाकडाचा सांधा खिळ्यांनी ठोकलेला असला तर ढोल जुना. चामडं मूळचं असेल तर किंमत चढते, कोणी हौसेने नवा रंग दिला असेल तर उतरते. पुसायचं नाही, धुवायचं नाही. दोऱ्या आवळून एकेकाचा आवाज मात्र ऐकून ठेवायचा, कारण मूळ चामडं आवाजावरून कळतं. आणि खोली सोडताना ढोल परत सैल करावेत. हे त्यांनी चारदा सांगितलं. ताणलेलं चामडं तसंच राहिलं तर फाटतं म्हणे. बाबांनी सगळेच्या सगळे सैल करून ठेवलेत.

९ नोव्हेंबर

आज पहिला ढोल आवळला. पलटणीतला असावा, खालच्या चामड्याला तारा लावलेला. हाताची सालं निघाली. नंतर मला सणसणीत शिंक आली आणि ढोल झर्रकन वाजला. मी दचकले, मग एकटीच हसत बसले. हसण्यालाही तो झर्रझर्र करत होता.

भिंगोजींना फोन केला. ते म्हणाले, त्यात भुताटकी नाही, ताणलेलं चामडं खोलीतल्या कुठल्याही आवाजाने थरथरतं. सैल केलात ना, असंही विचारलं. हो म्हटलं मी.

केला नव्हता. घर खायला उठतं हो संध्याकाळी. निदान कोणी हुं तर म्हणतंय.

१२ नोव्हेंबर

आता सगळे ताणलेले आहेत. मोठा ढोल पुढच्या खोलीत आणलाय, जिन्याच्या पायथ्याशी. दुपारभर त्याच्याशी बोलले. मी टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर लोकांशी बोलायचे, पण त्यातलं कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, मला ओलांडून दुसऱ्याशी बोलायचं होतं त्यांना. निवृत्तीनंतर तर तेही गेलं. हे सगळं त्याला सांगितलं. मी थांबले की तो थोडा वेळ गुणगुणत राहतो, मग गप्प होतो. माझं बोलणं इतकं कोणी मुरू दिलं नव्हतं. बाबासुद्धा इथे असंच करत असतील का? आम्हाला एक फोन करायचा सोडून?

१५ नोव्हेंबर

मी बोलण्याआधी तो बोलला.

स्वयंपाकघरात चहा गाळत होते. पुढच्या खोलीतून माझाच आवाज आला: मला ओलांडून दुसऱ्याशी बोलायचं होतं त्यांना. शब्दन् शब्द, तोच हेल. गाळणं हातातून पडलं. खोटं कशाला लिहू, भीती वाटायच्या आधी मला बरं वाटलं. ऐकलं होतं त्याने.

मग भीती वाटली. घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या केल्या.

१७ नोव्हेंबर

दुकानदाराने मला दोनदा विचारलं काय हवंय, मग वैतागून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी ओरडून सांगत होते.

संध्याकाळी ताईचा फोन आला. मी हॅलो हॅलो करतेय आणि ती म्हणतेय, लाइन खराब दिसतेय. तेवढ्यात माझ्यामागे ढोल बोलला. मोठ्याने, खणखणीत. ताईला तो ऐकू गेला. ती हसली, म्हणाली, आज किती मोकळी बोलतेयस गं, नाहीतर एरवी तोंडाला कुलूप. बराच वेळ बोलत होत्या दोघी. मी रिसीव्हर धरून उभी होते.

१८ नोव्हेंबर

दोऱ्या सैल होत नाहीत. गाठी मीच मारल्यात, तरी सुटत नाहीत. सुरी घेतली. दोरीवर चालेना म्हणून मोठ्या ढोलाच्या चामड्यावर टोक टेकवलं, अगदी जरासं दाबलं —

माझा गळा चिरला. आरशात पाहिलं. बारीकच रेघ आहे, पण कॉलर भिजली. ढोलावर तेवढाच ओरखडा, त्याच वळणाचा.

सुरी फडताळात टाकली. घराबाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले असेन, छाती अशी आवळत गेली, मागून कोणी दोरी खेचावी तशी. श्वास मिळेना. परत फिरले तेव्हा सुटली.

बाबा सैल करून ठेवायचे. भिंगोजींनी चारदा सांगितलं होतं. चारदा.

१९ नोव्हेंबर

हातातून पातेलं पडलं. आवाज नाही. टाळी वाजवली. दार बडवलं. काहीच नाही. माझ्या चालण्याचाही आवाज येत नाही आता.

पुढच्या खोलीत मात्र कोणीतरी चालतंय. माझ्या चपला घालून चालल्यासारखं.

ताई, मला तुझ्याकडे यायचंय. मला इथे नाही राहायचं.

२० नोव्हेंबर

फोन वाजला. मी उचलला, पण बोलला तोच. ताईला म्हणाला, मी इथेच राहायचं ठरवलंय, मजेत आहे, खोली भाड्याने देऊन टाक. ताई रडली थोडी. मग म्हणाली, तुझा आवाजच सांगतोय तू सुखात आहेस. तरी उद्या त्या पारखी गृहस्थांना घेऊन येते, एकदा डोळ्यांनी बघू दे.

तो म्हणाला, ये की. मोठा ढोल वाजवून बघा म्हणावं त्यांना. चांगला जोरात.

मी फोनची वायर उपटली. त्याचं बोलणं संपलं होतं.

२१ नोव्हेंबर

वरच्या खोलीत आहे. ही वही ताईच्या हातात द्यायची. वाचेल ती. मी समोर दिसेन तिला, बस्स. जिना उतरून जायचं, एवढंच तर आहे.

गाडी थांबली. दोघं आली. दार उघडंच ठेवलं होतं मी.

खालून माझा आवाज त्यांना या म्हणतोय. चहा टाकते, तोवर ढोल बघा, म्हणतोय. ताई हसतेय. ताई, वर बघ. निघाले मी, जिन्यात —

धुम्म

— बरगडी. उभं राहता येत नाही. पायरीवर बसलेय. ताईची पाठ दिसतेय, केसांतली पिन दिसतेय. वही फेकली तर — हात उचलत ना

धुम्म

भिंगोजी म्हणतायत चामडं मूळचं, अस्सल, अस्सल. तोंडातून रक्त — ताई, वळ गं. एकदा वळ. मी इथे —

ताई म्हणतेय, काय गोड घुमतो हो, पुन्हा एकदा वाजवा ना, जरा जो