ओट्याखालची खाडी

जागा चुकीची निवडलीत तुम्ही. सगळी खारजमीन ज्याच्या पायाखालून गेली, कुठला बांध कधी फुटेल हे ज्याला आधी कळायचं, त्या माणसानं घर बांधलं ते नेमकं खाडीच्या जुन्या फाट्यावर. त्यातही स्वयंपाकघर सगळ्यात मागे, म्हणजे फाट्याच्या पार मधोमध. तुम्ही असताना हे बोलले असते तर आत्यानं सासूच्या जरबेनं मला पदर नीट कर म्हणत आत पिटाळलं असतं. सासऱ्यासमोर सून बोलते म्हणजे काय. आता आत्या नाही, पदर पण नाही, मी गाऊन घालते. तेव्हा ऐका, मामा. खुशाली विचारत नाही. गेलेल्या माणसाला ती काय विचारायची, आणि इथली ऐकून तुम्हाला बरं वाटायचं नाही.

चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, बोटं दुखतात, लिहायचा कंटाळा येतो. पण हे बोलायला घरात माणूस नाही. तुमचा मुलगा तुमच्या मागोमाग गेला. नातू तुमचा पावणे गावात कंपनीत जातो, संध्याकाळी येतो तो मोबाइल घेऊन बसतो. सून माझं ऐकते, पण ऐकताना भांडी अशी आपटते की माझंच मला ऐकू येत नाही. तिचंही चुकत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्यामुळे तिचा फ्रिज गेला.

त्या दिवशी दशमी होती, म्हणजे भांग. तुमचंच शिकवलेलं: पुनवेला नि अवसेला उधाण, तेव्हा जागं राहायचं, नवमी-दशमीला भांग, खाडीला जोर नसतो, खुशाल पाय पसरायचे. सकाळपासून असा पाऊस लागला होता की समोरचं घर दिसत नव्हतं. गल्लीत घोटाभर पाणी आलं तशी सून फ्रिज उचलायला शेजारच्या पोरांना बोलवायला निघाली. मी तिला उंबऱ्यात अडवलं. म्हटलं, "आज भांग हाय, खाडी यायची नाय. उगाच कंबर मोडून घेशील." ती थांबली. दुपारी फ्रिज स्वयंपाकघरात होडीसारखा तरंगत होता आणि तांदळाचा डबा त्याच्या मागोमाग. खाडी आली नव्हतीच, मामा. मी शपथेवर सांगते, त्या वेळी ओहोटी होती, जेट्टीपाशी चिखल उघडा पडलेला असणार. पाणी वरून आलं. आठवडाभराची झड कुणीतरी एका सकाळीत ओतली आणि ती बाहेर जायला वाट नव्हती. संध्याकाळी सुनेनं भिंतीवरचं भिजलेलं कॅलेंडर काढलं, निथळलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, पुढची भांग कधी हाय ते सांगून ठेवा. त्या दिवशी मी माहेरी जाते."

आणि त्याच घरात उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. एक दिवसाआड. ज्या भिंतीला पुराचा डाग, तिलाच टेकून मी रिकामे हंडे मांडून बसलेली. कुणावर ओरडायचं तेही कळत नाही.

माझी नात, म्हणजे तुमची पणती, या पाण्याच्याच कामात आहे. पाऊस कसा बदलतो, पूर कुठे येतो, धरणात किती राहतं, याचा अभ्यास करणारी मंडळी आहेत, त्यांच्यात ती जाते. आपल्या गच्चीवर त्यांनी पाऊस मोजायचं एक भांडं बसवलंय. सून त्याच्याभोवती बोंबील वाळत घालते, पोरगी किंचाळते, दोघींचं रोज एकदा होतं. मी तिला विचारलं, की बाई, माझी दशमी चुकली कशी? ती माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "तुझी दशमी बरोबर होती आजी. खाडी तिच्या टायमावरच येते, थोडी वर चढलीये एवढंच. पाऊस तसा राहिला नाही. समुद्र तापलाय, हवा जास्त वाफ उचलते. मग कित्येक दिवस काहीच नाही, आणि पडला की सगळा एकदम." मी म्हटलं, मग तुम्ही शिकलेली माणसं आधी सांगत का नाही? ती हसली, पण दमल्यासारखी. म्हणाली, "आम्ही जुना पाऊस बघून नव्याचा अंदाज बांधायचो. गटारंसुद्धा जुन्या पावसाच्या मापाची आहेत. आता जुना पाऊस नव्याबद्दल नीट काही सांगत नाही. सगळं परत शिकतोय." म्हटलं, म्हणजे तुमची पण दशमीच झाली. तिनं मान हलवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून जरा वेळ पडून राहिली. तेवीस-चोविशीची पोर, इतकी थकते. आमच्या वयात आम्ही दिवसभर चिखलात राबून थकायचो, ही आभाळाकडे बघून थकते.

तेव्हा मला उघाडी आठवली. नवी नवरी होते, तुमची भाकर आणि सुकट घेऊन बांधावर आले होते. बांधातलं ते उघाडीचं फळ्यांचं दार तुमच्याकडे होतं. ओहोट लागली की उचलायचं, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती वळली की पाडायचं. तुम्ही फळ्या उचलताय, पाणी फेसाळत बाहेर पडतंय, आणि मी वेडी भाकर घेऊन त्याच्या तोंडाशीच उभी. तुम्ही सगळ्या गड्यांसमोर ओरडता, "पान्याच्या वाटंत उभी ऱ्हाऊ नको. ते कोनाची सून वलखत नाय." मी रडत घरी आले होते. तुम्ही संध्याकाळी येताना माझ्यासाठी चिंबोऱ्या आणल्यात आणि माझ्याकडे न बघता जुन्या घराच्या ओट्यावर ठेवून गेलात. तुमची माफी मागायची रीत तेवढीच.

मग असं सांगणारा माणूस वाटेतच घर कसं बांधतो? मी खूप विचार केला. शेतं नव्या शहरात गेली, मिठागरं गेली. उघाडीच्या फळ्या कुजल्या, त्या बदलायला कोणी राहिलं नाही. डंपर आले, फाट्यात डबर पडलं, वर माती. तुम्ही त्या मातीवर काठी ठोकून म्हणालात, "आता पानी यायचं नाय, आता शहर येनार." जागा सखल होती म्हणूनच कोणी तिच्यावर हक्क सांगायला आलं नाही. तुम्हाला वाटलं, एवढी मोठी मोठी माणसं नकाशे घेऊन आलीत, पाण्याचं ती बघतील. तुमचा पुतण्याही तेव्हा जागा शोधत होता. त्याला म्हणालात, माझ्या बाजूला बांध, सोबत होईल. मला विचारलंत, सूनबाई, स्वयंपाकघरात काय पाहिजे? आयुष्यात एकदाच विचारलंत. मी खाडीकडे खिडकी मागितली. दिलीत.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. त्या अभ्यासाच्या लोकांनी आमच्या गल्लीतल्या जमिनीची उंची मोजली. साचलेलं पाणी काढायला एक वाट करायची ठरतेय. जुना फाटा जिथून जायचा तिथूनच ती नेली तर पाणी उतरेल, नाहीतर दरवर्षी बुडायचं. पण फाट्यावर आता आमच्या घरांची रांग आहे. वाट झाली की रांगेतली मागची स्वयंपाकघरं पडणार. पोरीनं मला नकाशा दाखवला, त्यावर आमच्या घरातून एक निळी रेघ. "मशीननं हेच सांगितलंय आजी," ती म्हणाली, "पण लोक मशीनशी भांडतील. तुझ्याशी कोण भांडणार?" मी म्हटलं, या गावात माझ्याशी कोण भांडत नाही ते विचार.

जुना फाटा कुठून जायचा ते मी दाखवायचं म्हणून देवळाच्या पारावर सगळी गल्ली जमली होती. तुमचा पुतण्या, म्हणजे आमचे भावोजी, काठी टेकत पुढे आले. मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "वयनी, आठवत नाय म्हन. म्हातारं मानूस, कोन काय बोलनार? बिल्डर येतोय रांग घ्यायला, पोरांचं कल्यान होईल. नायतर तुझा पन ओटा जाईल." माझा ओटा जाईल हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्या ओट्यावर माझं निम्मं आयुष्य गेलंय. मी उठले. रस्त्याखालच्या मोरीपासून चालायला लागले, मागून सगळी मिरवणूक. भावोजींच्या न्हाणीपाशी थांबले, म्हटलं, इथून. भावोजी म्हणाले, "वयनीच्या डोक्यावर परिनाम झालाय." मी त्यांच्या मागच्या दारानं निघून आपल्या घरात शिरले. सून ओट्यापाशी उभी. म्हणाली, "आई, कुकर लावलाय, जरा सांभाळून." मी कुकरच्या शेजारी ओट्यावर हात ठेवला. म्हटलं, "आणि इथून खाडीत." कुकरची शिट्टी झाली. सुनेनं गॅस बारीक केला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पोरीनं कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचं जेवण पण याच ओट्यावर झालंय, लहानपणी तिला इथंच बसवून भरवायचे मी.

तेव्हापासून भावोजी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची बायको कपडे वाळत घालताना मला ऐकू जाईल असं म्हणते, की परक्याची पोर ती परकीच, सासऱ्याचं घर पाडायला निघाली. मी आता थकले. भांडायला जोर लागतो.

हा कागद टपालात टाकता येणार नाही हे मला कळतं. पोरीच्या हातीही देणार नाही, ती त्याचा अभ्यास करेल. घडी घालून उशीखाली ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. ओट्यावर हात ठेवला तेव्हा त्या पोरीनं "नाही आजी, तू चुकतेयस" म्हटलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

आणि आता नीट ऐका. भावोजींना दम लागतो, रात्री खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतो. फार दिवस नाहीत त्यांचे. तिकडे आले की पहिलं तुम्हालाच विचारतील, काका, ही जागा मला का दाखवली. तेव्हा आत्याला पुढे करू नका. माझं नाव घेऊ नका. ओट्यावर काहीबाही ठेवून निघून जाऊ नका. समोर उभं राहून तुम्ही स्वतः उत्तर द्यायचं.