ताट तिच्याही पुढे

प्रिय आई,
प्रभूमध्ये तुला सलाम. मी ठणठणीत आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतो?

लॉन्ड्रीतली आमची मुकादमबाई आठवते? इस्त्रीने माझा हात पोळला तेव्हा ‘नाटकं पुरेत’ म्हणून जिने मला कामाला जुंपलं, तीच! रविवारी ती चर्चमध्ये आली. पाळक म्हणाले, देव सगळ्यांवर सारखंच प्रेम करतो, कसलीही अट न घालता. सारखंच? माझं डोकंच फिरलं.

त्यात प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट सगळ्यांपुढे फिरवायची पाळी नेमकी माझी. पोळलेल्या हातानेच तिच्यापुढे धरलं. ती रडत होती. ते बघून तर मी आणखीच भडकले.

देवापुढे माझं काही चालत नाही. पण तू तिच्यासाठी प्रार्थना करू नकोस हं. निदान तू तरी फक्त माझी राहा.

तुझी, अजून धुमसणारी,
लेक