एकवीस दिवसांची दोरी तीन वर्षे राहू देण्याबाबत

प्रति,
मा. मंडलप्रमुखसाहेब,
सांगोक मंडल कार्यालय.

विषय : बाळंतपणाच्या दोरीस तीन वर्षांची परवानगी व तसा शिक्क्याचा कागद मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. ११७, दि. ३ नोव्हेंबर १९६९.

महोदय,

१. दोलगोल गावचा रहिवासी योम दोक-सू (यापुढे 'अर्जदार') याने फाटकावर बाळंतपणाची दोरी आठ महिने टांगून ठेवली व टपालवाला, उंदीर-निर्मूलन मोहिमेचे निरीक्षक आणि गावप्रमुख पांगसाहेब यांना आत येऊ दिले नाही, असे आपण नोटिशीत नमूद केले आहे. आरोप खरा आहे. मात्र एवढ्या माणसांना थोपवण्याचा अर्जदाराचा हा पहिलाच प्रसंग. एरवी घरातले मांजरही त्याला जुमानत नाही.

२. दि. ४ मार्च रोजी अर्जदारास चौथी कन्या झाली. रीतीप्रमाणे परक्याने आत येऊ नये म्हणून फाटकावर पेंढ्याची दोरी टांगली आणि मुलगी म्हणून तीत कोळसे व पाइनच्या डहाळ्या खोवल्या. मुलगा झाल्यावर खोवायच्या लाल मिरच्या याही खेपेस माळ्यावरच राहिल्या. पाच वर्षांतले हे चौथे बाळंतपण. अर्जदाराची पत्नी ओक-बुन हिचा रक्तस्राव थांबेना, ती दोन दिवस शुद्धीवर नव्हती. ते दोन दिवस अर्जदार गोठ्यात बसून रडत होता, हे लिहिण्यास त्यास लाज वाटत नाही. आरोग्यसेविका कुमारी ग्वाक यांनी बजावले, "तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत. गेले, तर पुढच्या खेपेला दोरी नाही, तिरडी बांधावी लागेल." त्यांनी दिलेल्या गोळ्या ओक-बुनला सोसल्या नाहीत, उलट्यांनी ती पुन्हा अंथरुणाला खिळली. सबब तिच्या अंगात ताकद येऊन दुसरा उपाय करता येईपर्यंत अर्जदाराने बाहेरच्या खोलीत निजावे, असे ठरले.

३. तथापि एकविसाव्या दिवशी दोरी उतरते आणि नवऱ्याचे अंथरूण आत जाते. अर्जदाराच्या मातोश्री सुनेला बाळंतिणीचे समुद्री शेवाळाचे सार वाढताना रोज म्हणत, "दोरी उतरू दे, मग नातवाचं बघू हं." अर्जदाराचे वय चौतीस असून त्याने मातोश्रींना आजवर एकदाही 'नाही' म्हटलेले नाही. म्हणून त्याने दोरीच उतरवली नाही. विचारल्यावर, "बाळाला नजर लागेल, राहू दे थोडे दिवस," असे सांगत राहिला. जुलैच्या पावसात दोरी कुजली तेव्हा त्याने गुपचूप नवी वळली आणि स्वतःच्या हुशारीवर फार खूश झाला.

४. या हुशारीचा परिणाम असा, की कुमारी ग्वाक यांनाही आत येता येईना. त्या दरमहा भिंतीबाहेरून ओरडून विचारू लागल्या, "दोक-सू, बाहेरच निजतोस ना रे?" ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायका अर्जदाराच्या आधीच उत्तर देत, "हो हो, घोरणं इथवर येतं त्याचं!"

५. दि. ८ रोजी आपली नोटीस घरात वाचली गेली. मातोश्री उठल्या, विळ्याने फाटकावरची दोरी कापली आणि अर्जदारापुढे टाकून म्हणाल्या, "बाळंतपणाच्या दोरीला डावा पीळ लागतो, गाढवा. ही उजव्या पिळाची, बैल बांधायची. जुलैपासून सारं गाव बघतंय." मग इतके महिने ती का राहू दिली, हेही त्यांनीच सांगितले. "मी आठ वेळा त्या खोलीत आडवी झाले. तीन पोरं डोंगरावर पुरली. बाविसाव्या दिवशी माझ्यासाठी दोरी ठेवायची कुणाला बुद्धी झाली नाही. तुला निदान चुकीची तरी वळता आली."

मग त्यांनी यंदाच्या नव्या पेंढ्याची, डाव्या पिळाची दोरी वळली. ती फाटकावर टांगण्यास अर्जदार पुढे झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथं कशाला? ज्याला अडवायचं तो आठ महिने आतच आहे!" आणि त्यांनी ती सुनेच्या खोलीच्या दाराला बांधली.

६. आता फाटक मोकळे असून निरीक्षकांनी उंदरांसाठी केव्हाही यावे. परंतु पितरांच्या पूजेला कुळातील वडीलधारी मंडळी जमतील व मुलाबद्दल विचारतील. मातोश्रींचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, अर्जदाराचे तर कोणापुढेच नाही. तरी आतल्या दोरीस तीन वर्षे कोणी हात लावू नये, असा शिक्क्याचा कागद मिळावा. "साहेबलोक मागितल्यातलं कापतात, तू चार वर्षं माग," असे मातोश्रींनी बजावले होते. पण अर्जदारास खोटे पचत नाही, हे दोरीने सिद्धच झाले आहे. कुमारी ग्वाक यांनी ही दोरी ओलांडण्यास हरकत नाही. मनाई फक्त अर्जदारास आहे, व ती त्यास मान्य आहे.

ओक-बुन काल स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत गेली. एवढे साहेबांस कळावे.

बाहेरच्या खोलीतून,
आपला नम्र,
योम दोक-सू
(मातोश्रींचा अंगठा शेजारी)
दोलगोल, दि. १४ नोव्हेंबर १९६९

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) कुमारी ग्वाक यांचा दाखला.
३) अर्जदाराने वळलेल्या उजव्या पिळाच्या दोरीचा तुकडा. परत पाठवू नये.