टायटॅनियमची फ्रेम वगळून

मी, खाली सही करणार, वय वर्षे सहासष्ट, दिवाणी न्यायालयातील सेवानिवृत्त टंकलेखिका, माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टंकून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्म्यासकट दृष्टी चांगली आहे, आणि माझ्यावर दबाव आणायला या क्षणी खोलीत कोणीही नाही. मुलगा ओट्यावर फोनवर बोलतो आहे, सून अंघोळीला गेली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद दाखवलाच, तर त्यातले शुद्धलेखन तपासावे. चुका असतील तर तो माझा नव्हे.

नोकरीत मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे पुष्कळ टंकली आणि त्यांवरून पुढे झालेले दावेही टंकले. माणसे घरासाठी भांडतात असे म्हणतात. माझा अनुभव असा, की ती "असं का केलं" हे न कळल्यामुळे भांडतात. म्हणून मी काय दिले याबरोबर का दिले हेही लिहीत आहे. वकीलसाहेबांना तो मजकूर फापटपसारा वाटला तर त्यांनी तेवढा गाळून वाचावा.

कलम पहिले. राहते घर, वरच्या दोन खोल्या व मागच्या शेडसह, माझा मुलगा आणि माझी सून या दोघांना समान हक्काने मिळावे. "मुलगा व त्याची पत्नी" असे मी आयुष्यभर टंकत आले. ते शेपूट इथे नको. सून दातांची डॉक्टर आहे आणि या घराचे छत गळायचे थांबले ते तिच्या कमाईने.

कलम दुसरे. जिन्याखालची वेताची आरामखुर्ची माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. मी सायकलवरून पडून घरी आले तेव्हा समाचाराला म्हणून ते याच खुर्चीत बसले, चहा संपवला आणि म्हणाले, की वहिनी, या वयात बायका घरी बसतात, नातवंडं खेळवतात. तेव्हा सून दारात ताटली घेऊन उभी होती. मागच्याच वर्षी तिच्या पोटातले मूल गेले होते आणि हे त्यांना ठाऊक होते. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण माझा हात गळ्यात बांधलेला होता आणि मला उठून दार दाखवता येत नव्हते. घरी बसण्याची हौस ज्याला आहे त्याला खुर्ची मिळावी, एवढाच यातील हेतू.

कलम तिसरे. शेडमध्ये टांगलेली, सायकलची अॅल्युमिनियमची तुटकी फ्रेम भंगारात द्यावी. ती आठवण म्हणून जपू नये.

पडल्याची हकीकत अशी. नवरा गेल्यानंतर घर खायला उठायचे. समोरच्या घरातली निवृत्त परिचारिका, जिला सगळी गल्ली सिस्टर म्हणते, तिने मला ओढून डोंगरावरच्या सायकलींच्या वाटेवर नेले. लहानपणी चालवलेली सायकल आणि ही यांत बैलगाडी आणि घोडा एवढा फरक. जाड टायर, पुढे दणके खाणारा फोर्क, आणि खाली मुळे, दगड, पाचोळा. पहिल्या उतारावर मी देवाचे नाव घेतले आणि दुसऱ्यावर घ्यायचे विसरले. तेव्हापासून रविवार आमचा ठरलेला. कोर्टात मी दुसऱ्याच्या तोंडचे शब्द उतरवायची. तिथे उतरायची ती मी स्वतः. पुढे निवृत्त झाले तरी तो वार सुटला नाही.

त्या रविवारी वरच्या पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर, हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या जोडलेल्या असतात तिथला सांधा उकलला आणि सायकल माझ्या अंगाखाली दुमडली. खांद्याचे पुढचे हाड मोडले, दोन बरगड्यांना चीर गेली. सिस्टर मागून येत होती. तिने स्वतःच्या ओढणीने हात बांधला आणि खाली रस्त्यापर्यंत जाऊन माणसे आणली. त्यात माझी चूक नव्हती, बनवणाऱ्याची होती असेही म्हणता येत नाही. फ्रेम जुनी होती, वाट खडबडीत होती. अॅल्युमिनियम थकते आणि थकल्याचे सांगत नाही. हे मला नंतर फ्रेमवाल्याने सांगितले.

कलम चौथे. बँकेतील ठेवींचे तीन भाग करावेत. एक मुलाला, एक सुनेला, एक डोंगरावरची वाट दुरुस्त ठेवणाऱ्या मंडळींना, फावडी आणि कुदळी घेण्यासाठी. या ठेवी अपेक्षेपेक्षा कमी भरतील. हिशेबात चूक शोधू नये. त्यातली रक्कम टायटॅनियमच्या फ्रेमवर गेली आहे, आणि ती का गेली हे सांगणे मी लागते.

गावाबाहेरच्या कारखान्यांच्या रांगेत शेवटच्या गाळ्यात एक फ्रेमवाला आहे. पूर्वी औषधांच्या कारखान्यासाठी टाक्या जोडायचा, आता सायकलींच्या फ्रेम मागणीप्रमाणे बनवतो. तुटकी फ्रेम मी त्याच्याकडे नेली. त्याने ती उजेडात फिरवली आणि ही पुन्हा जोडून देणार नाही असे सांगितले. मग त्याची स्वतःची टायटॅनियमची सायकल भिंतीवरून काढून माझ्या हातात दिली. रंग नाही, चकाकी नाही. अंग धुऊन पुसलेल्या भांड्यासारखे. ती गंजत नाही, दणका थोडा पोटात घेते, नीट जोडलेली असेल तर वर्षानुवर्षे थकत नाही. हे त्याने सांगितले आणि लगेच दुसरी बाजूही सांगितली. कार्बनची याहून हलकी मिळते. चांगली पोलादाची याच्या निम्म्याहून कमी पैशांत होते आणि मोडली तर कुठेही जोडून मिळते.

"आणि ताई, आराम हवा म्हणून घेत असाल तर घेऊ नका," तो म्हणाला. "टायरमधली हवा थोडी कमी करा. फुकटात होतं."

"टिकेल किती?"

"फ्रेम तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. तिला बसणारे भाग तेवढी वर्षं बाजारात मिळतील का, ते मी नाही सांगू शकत."

सहासष्टाव्या वर्षाकडे निघालेल्या बाईला जन्मभर टिकणारी वस्तू विकताना लोक सहसा "जन्म" कोणाचा ते सांगत नाहीत. हा सांगून मोकळा झाला. घरी येऊन मी विचार करू लागले आणि विचार करतच राहिले. हाड जुळले, पाऊस संपला, थंडी आली. रविवारी सिस्टर एकटी जाऊन यायची आणि वाटेवर कुठे झाड पडलंय, कुठे ओल आहे ते फाटकातूनच सांगायची. मी तिला वजने, नळ्यांची जाडी, फोर्कची लांबी ऐकवायची. एकदा ती म्हणाली, "अगं, एवढ्यात लोक मुलीचं स्थळ बघून लग्न लावून मोकळे होतात." मला राग आला, कारण ती बरोबर होती. फ्रेम घ्यावी की नाही या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न दडून बसला होता: मी त्या डोंगरावर परत जाणार आहे की नाही. जोवर पहिला सुटत नव्हता तोवर दुसऱ्याला कोणी हात लावत नव्हते.

कलम पाचवे. माझे टंकयंत्र मुलाला द्यावे. लहानपणी ते वाजत असले की त्याला झोप लागायची आणि थांबले की तो जागा व्हायचा.

त्याचेही म्हणणे इथे नोंदवते, म्हणजे पुढे एकतर्फी निकाल लागला असे होणार नाही. जेवणाच्या टेबलावर मी टायटॅनियमचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, की धातू मजबूत झाला म्हणून तू होणार नाहीस. मी म्हटले, रस्त्याने चालतानाही माणसे पडतात. तो म्हणाला, मग आधी मृत्युपत्र कर आणि मग काय ते कर. हे तो रागाने बोलला. नंतर ताट सारून हळू आवाजात म्हणाला,

"तू पडलीस तेव्हा फोन मला आला होता, आई. तुला नाही."

त्याचे वडील ऑफिसात कोसळले तेव्हाही फोन त्यालाच आला होता. परीक्षेच्या अभ्यासासाठी तो घरी होता, मी कोर्टात. मी दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याला निरोप पाठवला, की तूर्त नको.

कलम सहावे. षटकोनी चाव्या, साखळी तोडायचे हत्यार, उभा पंप, पंक्चरचे सामान आणि बाकी सर्व हत्यारे सिस्टरला द्यावीत, माझे जुने हेल्मेट वगळून. ते कोणालाच देऊ नये. एकदा आपटलेले हेल्मेट परत वापरत नाहीत. तिने माझ्याकडून नेलेला मोठा पाना मात्र परत मागू नये. तो मी तिच्याकडून नेला होता असे तिचे म्हणणे आहे.

कलम सातवे. सदर टायटॅनियमची फ्रेम.

निरोप पाठवल्यानंतरच्या आठवड्यात सून मला खांद्याच्या तपासणीला घेऊन गेली. परतताना तिने गाडी बंद गोदामाच्या मोकळ्या पटांगणापाशी थांबवली. मला वाटले, दवाखान्यातून फोन आला असावा. ती काचेतून समोर बघत होती.

"आई, मला सायकल येत नाही," ती म्हणाली. "घरात एकच होती, ती भावांची. तुम्ही शिकवाल का?"

पस्तिशी ओलांडलेली बाई, जी रोज लोकांच्या जबड्यात भोके पाडते, ती मला हे विचारताना लाजली होती. मी हो म्हटले.

सिस्टरची जुनी सायकल आणली. बसायची जागा खाली केली. रोज दवाखाना उघडण्याआधी आम्ही पटांगणात जायचो. चांगल्या हाताने बैठक धरून मी तिच्या मागे धावायची. ती हँडल घट्ट आवळायची, जणू दात उपटते आहे. मी ओरडायची, खाली बघू नकोस, जायचंय तिकडे बघ. ती पडली, कोपर सोलले, उठली. एक दिवस मी बैठक सोडली आणि तिला ते कळले नाही. पार भिंतीपर्यंत गेली, वळली, आणि मला मागे नसलेली पाहून हसू लागली. मूल गेल्यापासून तिचे हसणे मी ऐकले नव्हते. मला धाप लागली होती, खांदा दुखत होता, आणि बऱ्याच महिन्यांनी भीतीची आठवणच झाली नव्हती.

मुलाला कोपरावरून कळले. तो एका सकाळी पटांगणाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि गेला. संध्याकाळी दोन हेल्मेटे घेऊन आला आणि टेबलावर ठेवून हात धुवायला गेला. त्याच्या संमतीचा यापेक्षा स्पष्ट पुरावा माझ्याकडे नाही.

पुढे पटांगण सुटले, कालव्याची कडा झाली, डोंगराची खालची वाट झाली. मग सूनच मला फ्रेमवाल्याकडे घेऊन गेली. टायटॅनियमबद्दल तिला मीच विचारले. ती म्हणाली, "आई, मी रोज पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात तेच बसवते. धातूला काही होत नाही. पण हिरडी सांभाळली नाही तर तोही सैल होतो." फ्रेमवाला हे ऐकून खूश झाला. त्याने माझे माप घेतले, पायाची आतली लांबी, हाताची पोच. मी म्हटले, हिचेही घ्या. दोघींत चार बोटांचे अंतर निघाले. तो म्हणाला, बैठकीचा दांडा वरखाली केला तर एकीत दोघी मावतील. तेव्हा मी हो म्हटले. एकटीच्या उरलेल्या वर्षांसाठी ही फ्रेम महाग होती, हे आजही माझे मत आहे.

ती घेण्याजोगी होती का, हे विचारणाऱ्यांसाठी खरे लिहिते. तिने मला चांगली चालवणारी केले नाही. चढ तेवढाच लागतो. खडीवर हातांना येणारी बारीक कंपने कमी झाली आहेत आणि वाटेवर ती फार आवाज करत नाही. पैशांच्या मानाने फरक थोडा आहे. मला तो आवडतो.

मागच्या रविवारी आम्ही तिघी टाकीखालच्या वळणावर गेलो. सिस्टर पुढे उतरून गेली. मी वळणाच्या तोंडाशी थांबले आणि पाय पेडलवरून काढला. हात सुटेनात. नवी फ्रेम माझ्याखाली अगदी शाबूत होती, त्याचा काही उपयोग नव्हता. सून मागून आली, सिस्टरची जुनी सायकल झाडाला टेकवली. तिने मला धीर दिला नाही, चला म्हटले नाही.

"मी नेऊ का खाली?" तिने विचारले.

मी उतरले. तिने बैठक चार बोटे वर केली, बसली आणि गेली. वळणावर मागचे चाक घसरले, सावरले, आणि ती झाडीत दिसेनाशी झाली. मी जुनी सायकल हाताने धरून पायी उतरले. माझ्या पडण्याच्या जागेवरून चालत गेले. तिथे आता काहीच खूण नाही. खाली पोहोचले तेव्हा ती घामेघूम होऊन उभी होती आणि सिस्टरला हातवारे करून ते वळण सांगत होती. मी तिथेच बांधावर बसून पुरते ऐकले. तिच्या सांगण्यात ते वळण मला पहिल्यांदा सुंदर वाटले.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते, हे मी टंकून टंकून जाणते. जे हयातीत दिले ते त्यात मोडत नाही. सदर फ्रेम, चाके व इतर सर्व भागांसह, मी काल सकाळी चहाच्या वेळी सुनेला देऊन टाकली आहे. तिने ती स्वीकारली आहे. त्यामुळे ती आता माझ्या मिळकतीत नाही आणि तिच्याबद्दल वाटणी करण्याचा मला अधिकार उरलेला नाही. येत्या रविवारी मला ती हवी असल्यास तिच्याकडून मागून घ्यावी लागेल. मी ती मागणार आहे. त्या वळणासाठी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो माझाच आहे.

सही: मृत्युपत्र करणार
साक्षीदार पहिली: सिस्टर, समोरच्या घरात राहणार (सही करताना तिने पान्याच्या मजकुरावर हरकत घेतली, नोंद केली, मजकूर बदलला नाही)
साक्षीदार दुसरा: फ्रेमवाला, शेवटचा गाळा
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: शनिवार, शाईने हाताने घातला आहे