तुझा आवाज, माझी सही

प्रिय मोहिनीताई,

परवा शाळेच्या गॅदरिंगला आलीस आणि पंगतीतून तशीच उठून गेलीस. तळेगावची गाडी चुकेल म्हणून गेली असेल, असं सगळे म्हणाले. मी मान डोलावली. खरं काय ते मला माहीत होतं. फोन करावा तर तू बोलणार कशी, आणि मेसेजमध्ये दोन हात जोडून मोकळं व्हायचं, एवढी काही मी निर्लज्ज नाही. निदान अजून तरी नाही.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला, तू तळेगावला मुलाकडे राहायला गेलीस आणि तुझा चौथीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. पोरं माझ्याकडे बघायचीच नाहीत ग! त्यात निकेश नावाचा एक पोरगा एका संस्थेचे टॅब घेऊन आला. आतली मॅडम मशीनची. प्रश्न विचारला की उत्तर देते, चुकलं की पुन्हा समजावते. आवाज कोणाचाही देता येतो म्हणाला. माझ्या मोबाइलमध्ये तुझे लॉकडाऊनमधले सगळे धडे पडून होते, व्हॉट्सॲपवर पाठवलेले. "काऊन रे, भाकर वाटतं तवा समान तुकडे करतं, मंग इथंच काऊन अडून राह्यला?" मी ते सगळे देऊन टाकले.

तुझी लेखी संमती लागेल म्हणाला. आता तुला ठाऊकच आहे, सेलूहून येणारी बस उशिरा आली की मस्टरवर तू माझी सही ठोकायचीस, मी तुझी. इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. त्याच सवयीनं मी तुझी सही केली. आजारी माणसाला कशाला त्रास, उलट खूशच होईल, असं स्वतःला समजावलं. साफ खोटं. तू नाही म्हणशील ही भीती होती, म्हणूनच विचारलं नाही.

आणि ताई, ते चाललं ग! अंकिता, ती कोपऱ्यात बसणारी, जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती भागाकार शिकली. एकच गोष्ट धा वेळा विचारायची, मशीन चिडत नाही. मी तर दुसऱ्याच वेळेला खेकसते. तपासणीला साहेब आले, माझं कौतुक केलं, मी टम्म फुगले. तुझं नावसुद्धा घेतलं नाही.

परवा अंकितानंच पंगतीतून तुझा हात धरून तुला वर्गात ओढत नेलं. मी भाजीची बादली घेऊन दारातच होते. "मॅडम, तुमी नाई बोलत ना आता? ह्या बोलतात पहा!" आणि तिनं टॅब लावला. "शाबास बाई, आता पुढचं गणित घे." तू गळ्यावरच्या रुमालावर हात ठेवलास. मग माझ्याकडे बघितलंस. मी, मेली, भाजी वाढायला वळले.

अजून एक सांगायचं राहिलं. ते सगळं पोरांसाठीच केलं असंही नाही. पोरं घरी गेल्यावर मी त्या टॅबवर तुझ्या आवाजात वाक्यं बोलवून घ्यायची. "सुले, घरी जाय आता, अंधार पडून राह्यला." हुबेहूब तू. ऐकून रडायची आणि पुन्हा लावायची. तुला भेटायला तळेगावला मात्र एकदाही आले नाही. तुझी ती शांतता मला सोसवली नसती, म्हणून मी तुझा आवाज ठेवून घेतला आणि तुला सोडून दिलं.

काल निकेश पुन्हा आला होता. हा आवाज आता जिल्ह्यातल्या साऱ्या शाळांना द्यायचा म्हणतो, त्याला तुझी नवी सही पाहिजे. पेन माझ्याच हातात दिला बिचाऱ्यानं. मी सांगून टाकलं, पहिली सहीच खोटी होती. मोठ्या सरांनाही सांगितलं. नोटीस येईल, येऊ दे. टॅब बंद करून कपाटात ठेवलेत. पोरं रुसलीत, अंकिता तर माझ्याशी बोलत नाही. तरी तू नाही म्हणालीस तर मी सगळं पुसून टाकीन, आणि हो म्हणालीस तर तुझ्या अटीवर चालेल. काय ते तू लिहून कळव. आणि उत्तर द्यायची इच्छाच झाली नाही, तर तेही चालेल. एकदा न विचारताच तुझ्या गप्प राहण्याला मी होकार समजून बसले. यावेळी नाही समजणार.

तुझीच,
सुलोचना