उत्तरं ज्याची त्यानेच द्यावीत

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे. जागा फर्स्टक्लास. पहिल्या मजल्यावर दोन खाटांची खोली, खिडकीखाली बाग. दादाला या वृद्धाश्रमात कायमचं ठेवायचं तर आधी आठवडाभर तपासणी, आणि तेवढे दिवस घरच्या एकाने सोबत राहायचं, असा नियम आहे. म्हटलं चला, तीस वर्षांत एवढी सुट्टी मिळाली नव्हती. पंपदुरुस्तीत हात काळे करून वर आलेला माणूस मी. मोटरीला कान लावला की बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, ते सांगतो. इथे पाऊल टाकताच ओळखलं, गच्चीवरचा पंप हवा ओढतोय. माळ्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, शेठ, तुम्हीच राहा की इथे कायमचे. दोघंही हसलो.

दादा गप्प. वडील गेल्यावर मला त्याने वाढवलं, पण बोलणारा कायम मीच. हॉटेलात त्याला काय हवं तेही मीच सांगतो. वहिनी होत्या तेव्हा म्हणायच्या, भावजी, यांना ढेकर तरी स्वतःचा देऊ द्या.

मंगळवार, ५ मार्च

तपासणीच्या बाई आल्या. शांत, जाड पेनाच्या. आधीच बजावलं: उत्तरं ज्याची त्यानेच द्यायची, चुकली तरी चालतील, सोबतच्याने तोंड उघडायचं नाही.

पहिला प्रश्न, शर्टाची बटणं स्वतः लावता का? दादा तोंड उघडेपर्यंत मी सांगून मोकळा: नाही जमत त्याला. जमतं तसं, पण वेळ लावतो. आणि माणूस फार धडधाकट दिसला तर इथे जागा देत नाहीत, हे दोन नर्सेसचं बोलणं मी बाहेरच्या बाकावरून टिपलं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. तीनदा समजावलं. चौथ्यांदा म्हणाल्या, बरं, तुम्हीच द्या, आणि खुर्ची वळवून माझ्यासमोर बसल्या. मग मी दणकून सांगितलं. जिना चढत नाही, कानाने ठार, बोलणं तर सोडाच, माणसंही ओळखत नाही. शेवटचा प्रश्न, लिहिता येतं का? म्हटलं, सहीसुद्धा नाही. खाली सही मीच ठोकली.

दादा बघत होता. न्हाणीघरात दोनदा पडला म्हणून इथे आणला, असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे त्याचं हे गप्प बसून बघणंच मला घरात नको झालंय.

बुधवार, ६ मार्च

सकाळी शर्टाचं बटण काजात जाईना. बोटं आपली नव्हेतच जणू. शेवटी दादाने लावून दिली सगळी, भराभर. वय झालं माझंही, म्हणून हसलो.

दुपारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय उचलेना. वर बाई उभ्या. काही न विचारता कागदावर खूण केली त्यांनी. असा संताप आला! दोन मदतनीसांनी पोत्यासारखं उचलून वर नेलं मला.

गुरुवार, ७ मार्च

पंप बंद झाला वाटलं. पंप चालू आहे. माझे कान गेलेत.

चाकाच्या खुर्चीतून ऑफिसात जाऊन तमाशा केला. स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नव्हतं. बाईंनी कागदावर लिहून दाखवलं: उत्तरं तुम्ही दिलीत, फॉर्म तुमचा झाला. टेबलावर मूठ आपटली. बदला म्हटलं. त्यांनी खाली लिहिलं: शनिवारच्या आत बदलता येतो. ज्याची उत्तरं होती त्याने स्वतः प्रत्येक प्रश्नाला ‘येतं’ म्हणायचं. त्याआधी दुसरं कुणी बोललं तर संपलं.

एवढंच ना! दादाकडून पाठ करून घेतलंय. सहा वेळा ‘येतं’. मान हलवली त्याने.

शुक्रवार, ८ मार्च

मूर्ख. मूर्ख मी.

बाईंनी विचारलं. दादाचे ओठ हलले — हलले नुसते. तो बोलला की नाही, मला कसं कळणार? बघतोय, बघतोय — किती वेळ लावतो हा माणूस! मला राहवेना. मीच म्हणून टाकलं: येतं.

बाईंनी फॉर्म मिटला.

दादावर ओरडलो. जन्मभर तोंड उघडलं नाहीस — आणि मध्येच गळ्यातला कंप थांबला, आवाज गेला. घसा फाटतोय, बाहेर काही नाही.

यादीत आता ओळखणं. मग लिहिणं. विसरायच्या आत लिहून ठेवतो: बटणं लावून देतो तो दादा.

शनिवार, ९ मार्च

खोलीत एक माणूस. इस्त्रीचा शर्ट. माझे बूट त्याच्या पायात — माझ्या वर्कशॉपच्या किल्ल्या —

राग येतो. कुणाचा, ते —

बाई मला विचारतायत. मी तोंड उघडतो. तो उत्तर देतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून, मायेने. बाई लिहितात. परत तो. किती बोलतो!

वाकला. माझी बटणं लावतोय —

बटणं — कालचं पान — दादा!

दाराकडे निघाला. पेन बोटांतून सुट — दादा, थांब, त्यांना एकच सांग, मला लिहिता ये