गायक : उकंडा

१६ मार्च २०२५, रविवार

नवीन अ‍ॅम्प्लिफायर आणला. यवतमाळ ते दिग्रस, एसटीत मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिक्सर का. त्यांना ध्वनीची शुद्धता म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. त्या दारव्ह्याला उतरल्या. तिकीट दिग्रसचं काढलं होतं असं वाटतं.

जुना अब्दुल गनींना देऊन टाकला. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनीच लाकडी पेटीत बनवून दिला होता. गनीभाई म्हणाले, सर, चालून राह्यला ना, काहून बदलता? म्हटलं, माझ्या बाबांच्या आवाजाला न्याय मिळाला पाहिजे. ते पेटीवरून हात फिरवत राहिले. कारागिरांचं असं होतं.

संकल्प : १४ एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात बाबांची कॅसेट वाजवायची. दिग्रसला कळलं पाहिजे.

१७ मार्च

कॉलेजच्या लायब्ररीत काम नव्हतं. कॅसेटची माहिती लिहून काढली.

१९८७ची जयंती. मारेगावकडचं आमचं गाव. बाबांची गायन पार्टी. मांडवाच्या बल्लीला कोणीतरी टेपरेकॉर्डर अडकवला होता. मी चौदा वर्षांचा, वसतिगृहात. बाबांनी कॅसेट आणून दिली, म्हणाले, घे, जयंतीची आहे. एवढंच. विनयी माणूस. पुढे मी ती घरी लावली की ते उठून अंगणात जायचे. २००३मध्ये गेले. स्वतःच्या गाण्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत.

लेबलावर बाबांचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. गायक : उकंडा. अक्षर माझं आहे.

१९ मार्च

कॅसेट लावली. पहिलं गाणं. निराशा म्हणणार नाही.

जुन्यावर आवाज छातीतून यायचा. याच्यावर गळ्यातून येतो. गळा ओळखीचा वाटत नाही. नव्या यंत्राला रुळायला शंभर तास लागतात असं पुस्तिकेत आहे. पुस्तिकेत नाही, पण एका जाणकाराने लिहिलेलं वाचलं होतं.

उद्यापासून रोज चार तास.

२३ मार्च, रविवार

एकूण दोन तास झाले. वायरी बदलल्या. स्पीकर स्वयंपाकघराच्या भिंतीला लावले. दारावर सतरंजी टांगली. प्रभावती सतरंजीखालून वाकून आत आली आणि म्हणाली, घर आहे का हे, का लग्नाचा मांडव? पोळ्या कुठं लाटू, बॉक्सवर?

मग बाबांविषयी म्हणाली, एक इचारू? लग्न होऊन आल्यापासून मामाजीले मी कधी गुणगुणतानाही नाही ऐकलं.

तिला समजावलं की खरा कलावंत घरात गात नाही. ती म्हणाली, हो, आंघोळ करतानाही नाही.

तिला संगीताची समज नाही.

२६ मार्च

विहारात कमिटीची बैठक. मला दहा मिनिटं मिळाली. बॅनरवर बाबांचा फोटो येणार. नावाच्या आधी ‘शाहीर’ लावावं असं मी सुचवलं. कोणी हरकत घेतली नाही. चहा आला होता.

सचिव नेमसिंग म्हणाले, सर, त्या पार्टीतलं कोणी हयात असेल तर सत्कार करू. मी लगेच नाव दिलं. पंजाबराव. बाबांच्या मागे कोरसला असायचे. ऐंशीच्या पुढे असतील. मुलगी दिग्रसलाच दिली आहे. माझ्यामुळे त्या म्हाताऱ्याला एक शाल मिळेल याचं समाधान वाटलं.

३० मार्च, दुपारी २

पहिलं गाणं संपतं. टाळ्या. दुसऱ्या गाण्याआधी अर्धा मिनिट गर्दीचा आवाज. जुन्यावर तो नुसता गलका होता. मी तो कधी ऐकला नव्हता, म्हणजे ऐकायचं काही नव्हतं.

नवीन अ‍ॅम्प्लिफायरवर शब्द ऐकू येतात.

एक जण : वा, पंजाबराव, वा.

मग तोच गाणारा आवाज, धाप लागलेला : उकंडा, बत्ती मंद झाली गा. हवा मार.

मग लांबून, मांडवाच्या कडेने : मारून राह्यलो ना.

मग गॅसबत्तीच्या पंपाचा आवाज. दहा-बारा वेळा. प्रकाश वाढला असावा, कारण दुसरं गाणं सुरू होतं.

दुपारी ४

उकंडा नावाची माणसं आमच्या भागात पुष्कळ आहेत.

३१ मार्च

ईद. गनीभाईंकडे गेलो. अ‍ॅम्प्लिफायरचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. शिरखुर्म्याची दुसरी वाटी येण्याआधी काढला. म्हटलं, नवीन यंत्र नसलेले आवाज घालतं.

ते म्हणाले, सर, मशीन घालत नाही काही. जे आहे ते देते. जुन्यात मीच बास भरून ठेवला होता. तुम्हीच म्हणालते, गनीभाई, आवाज भरदार पाहिजे. मग काय करता? मी वरून रजई टाकून देली.

त्यांच्या मिसेस सईदाभाभी आतून म्हणाल्या, अहो, आज तरी दुकान बंद ठेवा.

गनीभाईंची बुद्धी आता पूर्वीसारखी राहिली नाही.

२ एप्रिल

कंपनीला लेखी तक्रार केली. आपल्या यंत्रातून ध्वनिमुद्रणात नसलेली माणसं बोलतात.

५ एप्रिल

कंपनीचा फोन. मुलीने विचारलं, सर, ती माणसं काय बोलतात? मी सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, आवाज क्लिअर येतो का? म्हटलं, अगदी क्लिअर. ती म्हणाली, मग प्रॉब्लेम काय आहे सर?

बोलणं हिंदीत असल्यामुळे मला नीट उत्तर देता आलं नाही.

८ एप्रिल

जुना अ‍ॅम्प्लिफायर परत आणला. गनीभाईंनी तो पुसून फळीवर ठेवला होता, विकला नव्हता. म्हणाले, मले माहीत होतं.

निर्णय : १४ तारखेला जुनाच न्यायचा. जुन्यावर बाबाच गातात.

सायंकाळी लावला. आवाज भरदार. छातीतून. डोळे मिटून ऐकलं. गाणं संपलं. टाळ्या. गलका.

गलक्याच्या तळाशी, रजईखालून : मारून राह्यलो ना.

मशीन बंद केलं. जुन्यावरही होतं. सत्तावीस वर्षं याच खोलीत होतं. अंगणापर्यंत ऐकू जात असेल का? बाबा अंगणात जायचे.

पुढे लिहीत नाही.

११ एप्रिल

बॅनर लागला. ‘शाहीर’ मोठ्या अक्षरात. बाबा फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. नेमसिंगना सांगून तो शब्द काढता येईल का? त्यासाठी कारण द्यावं लागेल. प्रभावतीला सांगावं असं वाटलं. ती मटकी निवडत होती. बाहेरून बॅनर पाहून आली होती. म्हणाली, मामाजी भेदरल्यासारखे दिसून राह्यले.

सांगितलं नाही.

१३ एप्रिल

योजना पक्की. फक्त पहिलं गाणं. चार मिनिटं दहा सेकंद. टाळ्यांवर बंद. घड्याळ लावून सात वेळा सराव केला. सहा वेळा जमलं.

पंजाबराव मुलीकडे आले आहेत. कानाने कमी ऐकू येतं म्हणतात. चांगली बातमी.

१४ एप्रिल, सायंकाळी ५

दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर घरीच राहिले. मांडववाल्याने कॅसेटचा डेक सरळ त्याच्या सिस्टिमला जोडला. म्हणाला, तुमच्या डब्ब्यांचं काय काम सर, अख्ख्या चौकाले ऐकू जाईल.

गाणं सुरू झालं. डेकपाशीच उभा होतो. तीन मिनिटं झाल्यावर नेमसिंगनी माइकवरून बोलावलं, शाहिरांचे चिरंजीव. मंचावर ओढून नेलं. शाल. हार. मी हारातून घड्याळ बघत होतो.

समोर पहिल्या रांगेत पंजाबराव. मान खाली. मग ते गाऊ लागले. टेपच्या अर्धा शब्द आधी. प्रत्येक ओळ, तीच हरकत, तोच श्वास. लोक स्पीकरकडे बघायचे, मग त्यांच्याकडे. मग बॅनरकडे. मग माझ्याकडे.

टाळ्या. मांडववाला मोबाइलवर बोलत होता.

वा, पंजाबराव, वा.

उकंडा, बत्ती मंद झाली गा. हवा मार.

मारून राह्यलो ना.

चौक हसला. वाईट हेतूने नाही. बाबा वैतागून बोलले होते, त्याला हसू येतंच. पंपाचा आवाज सुरू असेपर्यंत हसले. पंजाबराव हसले नाहीत. पुढे वाकून शेजारच्याला म्हणाले, उकंडा आला काय? ते मला मंचावरून ऐकू आलं. कारण तेव्हा सगळे गप्प झाले होते.

शाल त्यांना दिली. त्यांनी घेतली. त्यांचीच होती.

घरी येताना प्रभावती म्हणाली, ते मधात बोलले ते मामाजी होते ना? म्हटलं, हो. ती म्हणाली, एकदम ओळखू आले.

१५ एप्रिल

लेबल बदललं. गायक : पंजाबराव. खाली जागा उरली. तिथे बत्ती : उकंडा. अक्षर माझंच.

जुना अ‍ॅम्प्लिफायर गनीभाईंना देऊन आलो. नवीन ठेवतो. गाण्यासाठी तो चांगला नाही. पण ते तीन शब्द त्याच्यावर स्वच्छ येतात. सकाळपासून अकरा वेळा ऐकले. ट्रेबल थोडं वाढवलं की बाबा आत्ताच, याच घरात, कुणावर तरी चिडल्यासारखे वाटतात.

प्रभावतीने सतरंजी काढली. म्हणाली, अजून एकदा लावा.